स्कॅनरचा दिवा लागेना

आगरदांड्याच्या जेट्टीवर आमची गाडी माणसांनी ढकलून वर चढवली तेव्हा बाबा पुढच्या सीटवर डोळे मिटून बसले होते. झोपले नव्हते. उभा जन्म त्यांनी स्वतःची बोट चालवली, दुसऱ्याच्या दोराला बांधून ती कधी बंदरात आणली नाही. त्यांना आता फेरीबोटीतून ढकलत उतरवलं जात होतं, आणि ढकलणाऱ्यांतले बरेचजण त्यांना ओळखत होते. मी स्टिअरिंग धरून बसले होते आणि लाजेने नाही, रागाने माझे कान तापले होते.

आम्ही डायलिसिसला निघालो होतो. बाबांच्या किडन्या थकल्यापासून ठरलेल्या वारी आमचा हाच रस्ता. सकाळी कोळीवाड्यातून निघायचं, दिघीला गाडी फेरीबोटीत घालायची, खाडी ओलांडून आगरदांड्याला उतरायचं आणि पुढे हॉस्पिटल गाठायचं. बोट विकली तेव्हा त्यासाठीच ही जुनी पांढरी गाडी घेतली होती. त्या दिवशी जेट्टीचा चढ लागला आणि तिचा दमच गेला. इंजिन चालू, पण पायाने कितीही दाबलं तरी ती रांगेना. समोर इंजिनाचा पिवळा दिवा पेटला तो पेटलाच.

कसंबसं जाऊन आलो. संध्याकाळी दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, नवी मुंबईत असतो, आणि त्याच्या बिल्डिंगसमोरच डायलिसिसचं सेंटर आहे. तो चिडला नाही, हे मला जास्त लागलं. चिडला असता तर मी भांडले असते, आणि भांडणात मला सहसा कुणी हरवत नाही. तो शांतपणे म्हणाला, "भररस्त्यात बंद पडली असती म्हणजे? मी येत्या रविवारी येतो. गाडी धड असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर बाबांना घेऊन जातो. बाबा, तुला पटतंय ना?"

फोन स्पीकरवर होता. बाबा म्हणाले, "व्हय. तू म्हनशील तसा." मग उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

आमच्या ओट्यासमोर वाळू आहे आणि वाळूपुढे पाणी. दादाच्या खिडकीतून समोरच्या बिल्डिंगच्या खिडक्या दिसतात. मागे एकदा बाबा त्याच्याकडे राहायला गेले होते, तर भरती कधी आणि ओहोटी कधी ते कळेना म्हणून त्यांना धड भूक लागेना. घरी येऊन पहिल्यांदा पेज प्यायले ती दोन वाट्या. दादा वाईट नाही, वहिनी तर माझ्यापेक्षा गोड बोलते. पण बाबा तिकडे गेले तर परत येणार नाहीत, हे मला ठाऊक होतं आणि त्यांनाही. म्हणून मी त्या संध्याकाळी ठरवलं, रविवारच्या आत गाडी धड करायची.

बोर्ली पंचतनच्या बाजारात माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. बाई मोबाईल उघडते म्हणून सुरुवातीला लोक मला बघायला यायचे, आता नुसते मोबाईल द्यायला येतात. दुकानापासून जवळच एक गॅरेज आहे. तिथल्या मेकॅनिकने मला समजावलं की हल्लीच्या गाड्यांचं बरं असतं. इंजिनाचा दिवा लागला की बिघाडाचा कोड आत साठून राहतो. स्टिअरिंगच्या खाली एक खाचेचं पोर्ट असतं, त्यात स्कॅनर खोचायचा, की काय दुखतंय ते गाडी स्वतःच सांगते.

त्याने स्कॅनर खोचला. स्कॅनरचा दिवासुद्धा लागला नाही. त्याने तोच स्कॅनर शेजारी उभ्या असलेल्या रिक्षाटेम्पोच्या मागच्या एका गाडीत लावून बघितला, तिथे झटकन लागला. पुन्हा आमच्यात लावला तर काळा पडदा.

"ताई, ही बोलतच नाय," तो म्हणाला.

मग त्याने अंदाजाने कामं काढली. प्लग बदलले, एअर फिल्टर झटकला, पेट्रोलच्या नळ्या बघितल्या. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. दिवा तसाच आणि चढावर दम तसाच. श्रीवर्धनच्या एका दोस्ताकडून त्याने दुसरा, मोठा स्कॅनर मागवला. त्याचाही दिवा लागला नाही. तेव्हा तो बोनेट आपटून म्हणाला, "कंप्युटर गेलाय. नवा टाकण्यापेक्षा गाडी काढून टाका."

"भाऊ, कंप्युटर गेला तर इंजिन चालू कसं होतं?"

"थोडा गेला असंल."

"थोडा गेलेला कंप्युटर मी अजून बघितला नाही," मी म्हटलं, आणि चावी उचलली. त्याच्या बाजूने बघितलं तर त्याचंही बरोबर होतं. त्याच्याकडे दारात गाड्यांची रांग होती आणि माझ्या गाडीशी बोलायला काही मार्ग नव्हता. पण त्या वेळी मला कुणाच्या बाजूने बघायचं नव्हतं. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये रेटत घरी आणली आणि अंगणात माडाखाली लावली. त्या आठवड्यात डायलिसिसला शेजाऱ्यांच्या बर्फाच्या टेम्पोतून गेलो. शेजारी बिचारे काही म्हणाले नाहीत, पण रोज मरे त्याला कोण रडे. दर वेळी कुणाचा टेम्पो मागणार?

शुक्रवारी दुकान बंद ठेवलं आणि मोबाईलमधला करंट तपासायचं मीटर घेऊन गाडीखाली, म्हणजे स्टिअरिंगखाली शिरले. डोकं पॅडलपाशी, पाय दाराबाहेर. मोबाईलवर पोर्टचं चित्र शोधून काढलं होतं. कुठल्या पिनेवर बॅटरीचा करंट यायला हवा आणि कुठल्या पिनेतून तो परत जायला हवा, हे सगळ्या गाड्यांना सारखंच असतं. माझा विचार साधा होता. स्कॅनरला स्वतःची बॅटरी नसते, तो पोर्टातूनच करंट घेतो. त्याचा दिवा लागत नाही म्हणजे कंप्युटरपर्यंत जायलाच नको, करंटच येत नाहीये. मीटरच्या लाल वायरीची सुई करंटच्या पिनेवर आणि काळी सुई परतीच्या पिनेवर ठेवली. मीटरवर शून्य. मला तर आनंदच झाला. चोर सापडला असं वाटलं.

पोर्टाला करंट सिगारेट लायटरच्या फ्यूजमधून येतो, हे मला माहीत झालं होतं. फ्यूज काढला, धड होता. तरी नवा घातला. लायटरमध्ये मोबाईलचा चार्जर लावला, तो चालू झाला. म्हणजे फ्यूजपर्यंत करंट आहे आणि पोर्टात नाही. मग मधली वायर तुटली असणार. डॅशबोर्डखालचं झाकण काढून मी ती वायर बोटाबोटाने तपासत गेले. टेप सोडली, पुन्हा गुंडाळली. खाऱ्या हवेने कुठे हिरवट चढलंय का ते बघितलं. कुठेच काही नाही.

शेजारची काकू पाण्याची कळशी घेऊन जाता जाता थांबली आणि म्हणाली, "काय गो, गाडी बाळंत व्हतंय का काय?"

"मुलगी झाली तर तुझ्याकडे देते सांभाळायला," मी आतूनच सांगितलं.

बाबा या सगळ्यात शेजारच्या सीटवरच होते. बोट विकल्यापासून ती त्यांची दुपारची जागा होती. गाडी अंगणात उभी असली की ते दार उघडं टाकून डाव्या सीटवर बसायचे, पाय पुढे सोडून, वाऱ्याकडे तोंड करून. मी आत घुसले होते तरी त्यांनी जागा सोडली नाही. वर टॉर्च धरून बसले होते आणि मध्येच तो समुद्राकडे वळवायचे, मग मी ओरडायची. एकदा मी विचारलं, "बाबा, गाडीत कुणी काही केलं होतं का रे?"

"कोन करनार? मीच तर बसतो हितं," ते म्हणाले. मला ते पटलं.

इथे त्यांची एक सवय सांगायला हवी. पावसाळ्यात मासेमारी बंद झाली की बोटी ओढून वर घेतात आणि खरवडून रंगवतात. आमच्याकडे एकही उघडं लोखंड पाण्यात जात नसे. नुसतं वरून रंगवलेलं बाबांना चालायचं नाही. कडी असो की बोल्ट, तो काढायचा, त्याच्या बुडाखाली रेड ऑक्साइडचा लाल रंग लावायचा, वाळू द्यायचा आणि मग तो परत आवळायचा. लहानपणी मी हेच करत मोठी झाले. गंज नेहमी खालून येतो, हे माझ्या डोक्यात पाढ्यांच्या आधी बसलं. बोट विकल्यावर पहिला पावसाळा आला तेव्हा बाबांना रंगवायला काही उरलं नाही. मग त्यांनी फाटक रंगवलं, तुळशीची लोखंडी जाळी रंगवली, हापशाचा दांडा रंगवला, गॅसच्या सिलिंडरचा स्टँड रंगवला. एक दिवस बघते तर गाडीच्या चाकांचे नट लाल. तेव्हा मात्र मी त्यांना फाडफाड बोलले. ही बोट नाही, गाडी आहे, पुन्हा ब्रश घेऊन तिच्या जवळ दिसलात तर डबा समुद्रात फेकीन. रागावले की मी त्यांना अहोजाहो करते, म्हणजे किती रागावले होते ते कळेल. त्यानंतर गाडीवर कुठे लाल ठिपका दिसला नाही आणि मी ते विसरून गेले.

शनिवार उजाडला. दादाचा मेसेज आला की सकाळी लवकर निघतोय. बाबांनी आतल्या खोलीत जाऊन पलंगाखालून आपली बॅग ओढून काढली आणि भरायला घेतली. रडत बसायला मला वेळ नव्हता. मी परत स्टिअरिंगखाली गेले आणि पहिल्यापासून सुरुवात केली, लाल सुई करंटच्या पिनेवर, काळी परतीच्या पिनेवर. शून्य. संतापाने मी काळी सुई ओढली आणि हात टेकायला गेले, तर ती दाराच्या बिजागरीच्या उघड्या स्क्रूला लागली. मीटरवर बॅटरीचे पुरे बारा व्होल्ट आले.

पुन्हा पिनेवर लावली, शून्य. पुन्हा स्क्रूवर, बारा. करंट येत होता. पहिल्या दिवसापासून येत होता. त्याला परत जायला वाट नव्हती. दिवसभर मोबाईलच्या सर्किटप्लेटीवर मी हेच तपासते, आणि इथे परतीची वाट असणारच असं धरून चालले होते. चिडायला कुणी नव्हतं म्हणून स्वतःवरच चिडले, आणि त्या चिडण्यात किती आनंद होता ते सांगता येत नाही.

मला वायरिंग शिकवलं ते बाबांनी, बोटीवर. आणि बोट लाकडाची असते. लाकडातून करंट जात नाही, म्हणून प्रत्येक दिव्याला दोन वायरी, एक न्यायला आणि एक बॅटरीपर्यंत परत आणायला. गाडीचं तसं नसतं. गाडीत परतीची वायर जवळच्या पत्र्याला बोल्टने आवळून टाकतात आणि पुढे तो पत्राच करंट परत नेतो. तो बोल्ट पत्र्याला उघड्या धातूने भिडला तरच हे चालतं. पुस्तकातून मला हे माहीत होतं, पण हाताला सवय बोटीची. आदल्या दिवशी परतीच्या काळ्या वायरीच्या टोकाचा बोल्ट मी आवरणाच्या फटीतून बोट घालून हलवून बघितला होता. घट्ट होता. घट्ट आहे ना, झालं, असं म्हणून पुढे गेले होते.

ती वायर डॅशबोर्डखालून आडवी डावीकडे जात होती, बाबांच्या पायांकडे. काखेत कळसा आणि गावाला वळसा. बाबांना हाक मारून पाय बाजूला घ्यायला सांगावं म्हणून वर बघितलं तर ते बॅग भरून येऊन आपल्या जागी बसलेही होते. त्यांच्या पायापाशी बाजूचं प्लॅस्टिकचं आवरण जरा सैल होतं. ते ओढलं तर हातात आलं. मागे बोल्ट होता. मी पाना लावला, बोल्ट काढला, वायरीची कडी उचलली.

कडीखाली लाल रंग होता. एकसारखा, गुळगुळीत, कोपऱ्यापर्यंत भरलेला, कुठे ओघळ नाही आणि ब्रशचा केससुद्धा चिकटलेला नाही. असा रंग आमच्या कोळीवाड्यात एकच माणूस लावतो.

मी त्या रंगावरून बोट फिरवलं. मग म्हटलं, "बाबा, हे कधी केलंस?"

"यंदा पावसाच्या आधी," ते म्हणाले. "पायाशी गंज दिसला. खालून खात चाललेला."

"मी विचारलं तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कोनी काय बिघडवला का. मी बिघडवला न्हाय. मी रंगवला."

मी तसं विचारलं नव्हतं, पण त्यांनी तसं ऐकलं यात नवल नव्हतं, मी विचारलंच होतं तशा सुरात. चाकांच्या नटांवरून मी त्यांना जे बोलले होते तेही आम्हा दोघांना त्या क्षणी आठवलं असणार, कारण ते खाली बघायला लागले. मग हळूच म्हणाले, "गाडी गंजून गेली का मना तिकडं जावा लागंल, ते मना ठाव हाय. म्हनून बुडापासना रंगवला."

माझे डोळे त्यांना दिसायला नकोत म्हणून मी डोकं पुन्हा डॅशबोर्डखाली घातलं. त्यांना या घरात राहायचं होतं. तोंडाने दादाला व्हय म्हणाले आणि हाताने हे केलं होतं, आणि त्याच हाताने आपली जायची वेळ जवळ आणली होती. मला त्यांची इतकी दया आली आणि इतका राग आला, की दोन्हीतलं आधी काय करावं ते कळेना. मी पॉलिश पेपर घेतला आणि पत्रा घासायला लागले.

"उघडा नको टाकूस," बाबा वरून म्हणाले. "खारी हवा हाय."

"घासल्याशिवाय ती बोलणार नाही बाबा. इथून करंट परत जातो."

"पत्र्यातून?"

"पत्र्यातून."

त्यांनी दाराचा पत्रा बोटाने वाजवून बघितला. बोटीवर आयुष्य काढलेल्या माणसाला अख्खी गाडीच वायर आहे हे गिळायला वेळ लागतो. पण टॉर्च त्यांनी या वेळी एकदाही समुद्राकडे वळवला नाही. पत्रा चांदीसारखा लखलखला तेव्हा मी कडी बसवली आणि बोल्ट आवळला. मीटर न लावता तशीच बोर्लीला निघाले, दुसऱ्या गिअरमध्ये, बाबा शेजारी.

मेकॅनिकने तोंड वाकडं करतच स्कॅनर खोचला. दिवा लागला. पडद्यावर अक्षरं आली आणि तो "आयला," म्हणून खाली बसला. गाडीने सांगितलं ते इतकं साधं होतं की मला हसू आलं. इंजिनात हवा सोडणारी झडप, थ्रॉटल, काजळीने अडकत होती. त्याने ती काढून धुतली, पुसली, बसवली, आणि स्कॅनरने कोड पुसून टाकला. पिवळा दिवा विझला. "ताई, काय होतं पोर्टात?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "अर्थिंग." बाबा बाहेर बघत होते. त्यापुढे मी काही सांगितलं नाही.

रविवारी दादा आला. त्याने आधी बाबांची बॅग बघितली, मग माझ्याकडे. मी म्हटलं, "बस मागे." तिघे दिघीला गेलो, गाडी फेरीबोटीत घातली. खाडीभर दादा माझ्या मानेमागून डॅशबोर्डकडे बघत राहिला. आगरदांड्याचा चढ आला. मी पाय दाबला आणि गाडी दमदार वर गेली, मागच्या दोन गाड्यांची वाट अडली नाही की कुणाला हात लावावा लागला नाही. मी बाजूला बघितलं. बाबांचे डोळे सताड उघडे होते आणि जेट्टीवरच्या ओळखीच्या माणसांना ते मान हलवून रामराम घालत होते.

दादा म्हणाला, "चल, परत फिरव. चहा घेऊन मी निघतो." थोड्या वेळाने पुढे म्हणाला, "पुन्हा असं झालं तर मात्र मला आधी सांगायचं." मी हो म्हटलं आणि मनापासून म्हटलं. भांडायचं काही उरलं नव्हतं.

तो गेल्यावर मी बाबांची बॅग रिकामी करायला घेतली. वर दोन लेंगे, टॉवेल, औषधांची पिशवी. त्यांच्याखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काही जड लागलं. उघडलं तर रेड ऑक्साइडचा अर्धा डबा आणि धुऊन वाळवलेला ब्रश.

"हे कशाला रे नेत होतास?"

"त्याच्या खिडकीचे गज गंजलेत," बाबा म्हणाले. "मागच्या टायमाला बघितले व्हते."

मी तो डबा हातात घेऊन तशीच बसले. दादाच्या खिडकीबाहेर समोरच्या बिल्डिंगच्या खिडक्या, आणि हे आत बसून गज रंगवताहेत, आधी खालून मग वरून, ते चित्र माझ्या डोळ्यांपुढून जाईना. मग मी उठले आणि डबा त्यांच्या हातात दिला.

"गाडीचा तो बोल्ट उघडाच आहे बाबा. खाऱ्या हवेत किती दिवस टिकणार?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, विश्वास बसत नसल्यासारखं. "काढायचा न्हाय ना?"

"काढायचा नाही. आवळलेलाच राहू दे. वरून लाव."

"वरूनच," ते म्हणाले, आणि डब्याचं झाकण उघडायला चमचा शोधायला लागले.